धर्मसंस्थेचा पैसा घ्यावा का? आधी किल्ली कुणाकडे ते पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरकाम करणाऱ्या आणि घरातल्या मारहाणीतून बाहेर पडलेल्या बायकांची एक छोटी संघटना आहे. सभासद वेगवेगळ्या धर्मांच्या, दोघी-तिघी कुठलाच धर्म न मानणाऱ्या. मोठ्या निधीसंस्था इतक्या लहान गटाकडे बघत नाहीत. एका धार्मिक महिला निधीने मात्र अर्ज करा असं सुचवलं आहे. तो पैसा घ्यावा का, घेतला तर कशावर पाणी सोडावं लागेल, आणि अर्जात काय लिहावं?

मी आधी मागणाऱ्यांमध्ये होते, नंतर अशाच एका निधीच्या निवड समितीवर बरीच वर्षं काम केलं. त्यावरून सांगते: घ्या, पण पैसा कुठल्या धर्माचा आहे यावर रात्र घालवण्यापेक्षा तिजोरीची किल्ली कुणाच्या कमरेला आहे ते शोधा. एकाच पंथाच्या दोन निधींत जमीन-अस्मानाचा फरक असू शकतो.

कॅथलिक जगातलंच उदाहरण घ्या. जगभरच्या चर्चमधून 'पीटर्स पेन्स' नावाची वर्गणी गोळा होते आणि ती पोपकडे जाते. तिचं काय करायचं हे रोम ठरवतं. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या काही कॅथलिक स्त्रियांनी 'मेरीज पेन्स' नावाचा वेगळा निधी सुरू केला. श्रद्धा तीच, पण पैसा चर्चच्या अधिकाराबाहेर ठेवलेला, आणि तो उत्तर, मध्य व दक्षिण अमेरिकेतल्या छोट्या महिला संघटनांना दिला जातो. त्यांच्या 'एस्पेरा' या उपक्रमात मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतल्या महिला गटांना एकरकमी पैसा मिळतो. गट तो आपल्या सभासदांना कर्जाऊ देतो. परतफेड होते ती गटाच्याच सामाईक निधीत, देणाऱ्यांकडे काही परत जात नाही. पुढचं कर्ज कुणाला, हप्ता किती, चुकला तर काय, हे सगळं बायका आपसांत ठरवतात. दोन्ही निधी कॅथलिक आहेत. पण तुमच्यासारख्या गटाला कशाशी जमेल हे सांगायला 'कॅथलिक' हा शब्द पुरेसा नाही.

या निधींची घडण समजली तर त्यांच्याशी बोलणं सोपं जातं. यातले बरेच बायकांच्या चिल्लरीतून उभे राहिले. ज्या काळात चर्चच्या कारभारात त्यांना मत नव्हतं, त्या काळात त्यांनी स्वतःचा वेगळा गल्ला तयार केला. १८६९ साली अमेरिकेत बॉस्टनमध्ये मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या स्त्रियांनी आठवड्याला दोन सेंट आणि एक प्रार्थना अशी वर्गणी ठेवून मंडळ काढलं. त्या पैशावर पहिल्यांदा दोघी भारतात आल्या. इझाबेला थोबर्न यांनी लखनौला शाळा काढली, तिचंच पुढे कॉलेज झालं. डॉ. क्लारा स्वेन यांनी बरेलीला बायकांचं रुग्णालय उभारलं. १८८९ पासून अमेरिकेतल्या एपिस्कोपल चर्चच्या स्त्रियांची 'युनायटेड थँक ऑफरिंग' आहे: घरात निळा डबा ठेवायचा आणि काही चांगलं घडलं की त्यात नाणं टाकायचं. तैवानमध्ये १९६६ साली बौद्ध भिक्षुणी चेंग येन यांच्यासोबत तीस गृहिणींनी बांबूच्या नळीत रोज पन्नास सेंट टाकायला सुरुवात केली. आजची अवाढव्य 'त्झू ची' संस्था तिथून वाढली.

यातली मला सगळ्यांत आवडणारी गोष्ट शांती सॉलोमन या भारतीय बाईंची आहे. १९५६ साली युद्धानंतरच्या आशियात सलोख्यासाठी फिरणाऱ्या महिलांच्या एका पथकात त्या होत्या आणि त्यांना कोरियाचा व्हिसा नाकारला गेला. सरकारं अडवू शकतात, प्रार्थना अडवता येत नाही, असा विचार करून त्यांनी सुचवलं की प्रत्येक देशातल्या स्त्रीने प्रार्थना करताना आपल्या चलनातलं सगळ्यांत लहान नाणं बाजूला ठेवावं. त्यातून 'फेलोशिप ऑफ द लीस्ट कॉइन' उभी राहिली. सगळ्यांत लहान नाणं घेण्यामागे साधा हिशोब होता: श्रीमंत देशातली बाई आणि गरीब देशातली बाई यांचा वाटा सारखाच राहावा, कुणी दाता आणि कुणी याचक होऊ नये. निधीकडे जाताना हा इतिहास ध्यानात ठेवा. समितीवरच्या बायकांच्या आज्या-पणज्यांनीही परवानगी न मागता पैसे साठवले होते, त्यामुळे तुमच्या गटाचं गुपचूप भिशी लावणं त्यांना पटकन कळतं.

पण किल्ली बायकांच्याच हातात राहते असंही नाही. मी वर सांगितलेल्या युनायटेड थँक ऑफरिंगमध्येच २०१३ साली नियमावली बदलण्यावरून चर्चचं मुख्यालय आणि निधी चालवणारं बायकांचं मंडळ यांच्यात जुंपली आणि काही सदस्यांनी राजीनामे दिले. वाद मुख्यतः एवढाच होता की बायकांनी जमवलेल्या पैशाबाबत शेवटचा शब्द कुणाचा. तेव्हा तुमचा पहिला प्रश्न निधीच्या माहितीपत्रकात सापडणार नाही, तो फोनवर विचारावा लागेल. निवड समितीत कोण बसतं? समितीने मंजूर केलेलं अनुदान वरचं कुणी अडवू शकतं का? दिलेला निधी कधी मध्येच थांबवला आहे का, आणि का? शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. चांगला निधी सरळ उत्तर देतो. 'अशी वेळच आली नाही' असं गुळमुळीत ऐकू आलं, तर आधी ज्यांना अनुदान मिळालं होतं अशा एक-दोन संघटनांना गाठा.

आता अटींकडे येऊ. मराठी वाचकाला पंडिता रमाबाईंचं प्रकरण ऐकून माहीत असतं, पण ते निधीच्या अंगाने क्वचित वाचलं जातं. तसं वाचलं तर त्यात तुमच्या प्रश्नाचं जवळजवळ सगळं सार आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात रमाबाईंनी बाप्तिस्मा घेतला. पुढे अमेरिकेत फिरून त्यांनी उच्चवर्णीय हिंदू विधवांच्या शाळेसाठी पैसा उभा केला. डिसेंबर १८८७ मध्ये बॉस्टनला रमाबाई असोसिएशन स्थापन झाली. अध्यक्ष युनिटेरियन धर्मोपदेशक एडवर्ड एव्हरेट हेल होते आणि बाकीची माणसं निरनिराळ्या ख्रिस्ती पंथांची. गावोगावी 'रमाबाई सर्कल' निघाली. सभासदाने वर्षाला किमान एक डॉलर, सलग दहा वर्षं द्यायचा. आजही दहा वर्षांची हमी देणारा दाता मिळाला तर मी उठून नमस्कार करीन! आणि अट काय होती? शाळेत धर्म शिकवायचा नाही. ११ मार्च १८८९ ला मुंबईत ही शाळा, शारदा सदन, सुरू झाली, १८९० मध्ये ती पुण्याला हलली. न्यायमूर्ती रानडे, डॉ. भांडारकर अशी माणसं सल्लागार मंडळात होती.

मग बिनसलं कुठे? रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करत, दार उघडं असे आणि काही मुली आपणहून येऊन बसत. बॉस्टनच्या दृष्टीने यात अट मोडली नव्हती, कारण सक्ती नव्हती. पुण्याच्या दृष्टीने मोडली होती, कारण ज्या बाईवर मुलींचा सगळा आधार तिच्या खोलीचं उघडं दार हेही एक आमंत्रणच होतं. १८९३ मध्ये पुण्याच्या सल्लागारांनी अंग काढून घेतलं आणि पालकांनी अनेक मुली काढून नेल्या. असोसिएशनने मात्र कबूल केलेली दहा वर्षं निभावली. त्यानंतर केडगावला जे मुक्ती सदन वाढलं ते उघडपणे ख्रिस्ती होतं.

कोण चूक, कोण बरोबर हा वाद बाजूला ठेवा. करारात धर्माबाबतची तटस्थता होती, पण ती रोजच्या व्यवहारात कशी दिसेल हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. म्हणून माझा आग्रह असतो की 'आम्ही धर्मभेद करत नाही' या वाक्यावर समाधान मानू नका. बारीकसारीक ठरवून घ्या. बैठकीची सुरुवात प्रार्थनेने करावी लागेल का? भेटीला आलेल्या पाहुण्या बायका सभासदांसमोर धर्माबद्दल बोलतील का? निवाऱ्यात ठेवलेल्या बाईला धार्मिक पुस्तक भेट दिलं तर चालेल का? फलकावर त्यांचं चिन्ह लावायचं का? मुळात काम कुणासाठी करायचं यावर काही बंधन आहे का? हे सगळं एका पानात बसतं. आणि एक बाजू आपली स्वतःचीही आहे: संघटनेतली एखादी श्रद्धाळू कार्यकर्ती आपणहून प्रार्थना करत असेल तर तिला गप्प बसवणं म्हणजे तटस्थता नव्हे. आधारासाठी आलेल्या बाईवर कार्यकर्तीची सत्ता असते, हे लक्षात ठेवून सीमा आखायची.

दुसरी खरी अडचण मला धर्मांतरापेक्षा मोठी वाटते, पण तिच्याबद्दल कमी बोललं जातं. धार्मिक पैशाला दान आवडतं, भांडण आवडत नाही. अन्न, कपडे, शिष्यवृत्ती, शिलाईयंत्र यांसाठी हात सढळ होतो. घरकामगारांचं किमान वेतन, नवऱ्याच्या घरात राहण्याचा हक्क, पोलिसांनी न घेतलेली तक्रार, यासाठी तोच हात आखडतो, कारण इथे समोर कुणीतरी उभं असतं आणि ते कधीकधी त्याच प्रार्थनास्थळात पहिल्या रांगेत बसतं. दानाला मी नावं ठेवत नाही. आज रात्री झोपायला जागा नसलेल्या बाईला दानच लागतं. पण तुमचं काम दुसऱ्या प्रकारचं असेल तर ते शिलाईयंत्राच्या आडून मागू नका. वर्षभराने अहवालात शिवलेल्या कपड्यांचे फोटो द्यावे लागतील आणि मोर्चाचा खर्च कुठे दाखवायचा हे कळणार नाही.

न्यायासाठीच उभारलेले धार्मिक निधी आहेत. अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांनी १९६९-७० मध्ये गरिबांच्या संघटनबांधणीसाठी एक मोहीम सुरू केली. गरिबांनी स्वतः चालवलेल्या, जिथे निर्णयात त्यांचाच आवाज मोठा आहे अशा संघटनांना ती पैसे देते. अट अशी की संघटनेचं काम कॅथलिक शिकवणीच्या विरोधात जाऊ नये. ही अट दिसते त्याहून लांब हात असलेली आहे. २०१० नंतरच्या काळात अशी उदाहरणं घडली की स्थानिक स्थलांतरितांच्या संघटनेने स्वतः काही केलं नव्हतं, पण ती ज्या आघाडीत होती त्या आघाडीने समलिंगी हक्कांसाठी काम करणाऱ्यांशी हातमिळवणी केली, आणि निधी थांबला. म्हणून 'आम्ही काय करतो' एवढंच पुरत नाही. आपण कुणाबरोबर उभ्या राहतो, संयुक्त पत्रकांवर सह्या करतो का, हेही अटीत येतं का ते विचारा. गर्भपात, गर्भनिरोधन, घटस्फोट आणि समलिंगी नाती या चार विषयांवर बहुतेक धार्मिक निधींचं काही ना काही म्हणणं असतं. तुमच्याकडे येणाऱ्या बाईला यातलं काही लागणार हे उघड आहे. तिला माहिती देण्यावर, योग्य ठिकाणी पाठवण्यावर बंदी येणार असेल तर तो पैसा घेऊ नका, रक्कम कितीही असो. या एका बाबतीत मी तडजोड करायला सांगणार नाही.

जकातचं, म्हणजे मुस्लिमांवर बंधनकारक असलेल्या दानाचं, शास्त्र वेगळं आहे, ते समजून मागितलं तर बरीच दारं उघडतात. बचतीवर सर्वसाधारणपणे अडीच टक्के आणि ती कुणाला द्यायची याचे कुराणात सांगितलेले आठ प्रकार: गरीब, गरजू, कर्जात बुडालेले, बंधनातले वगैरे. घरातून हाकललेली, डोक्यावर कर्ज असलेली बाई यात बसते हे सांगायला फार युक्तिवाद लागत नाही. 'बंधनातले' या प्रकाराचा आजचा अर्थ काय यावर अभ्यासक चर्चा करतात. अमेरिकेत २०१८ साली सुरू झालेली 'बिलीव्हर्स बेल आउट' ही मोहीम त्याच आधारावर तुरुंगात अडकलेल्या मुस्लिमांचा जामीन भरते. मात्र जकात ही माणसाच्या हाती पडायची रक्कम मानली जाते. कार्यालयाचं भाडं, छपाई, प्रशिक्षण यांना ती सहसा चालत नाही, आणि लाभार्थी कोणत्या धर्माची असावी यावरही मतं वेगवेगळी आहेत. तो खर्च सदक्यातून, म्हणजे ऐच्छिक दानातून, मागा, तिथे बंधनं सैल असतात. ज्यू परंपरेतून आलेली १९८५ ची अमेरिकन ज्यूइश वर्ल्ड सर्व्हिस धर्म न पाहता अनेक देशांतल्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांना पैसे देते, त्यात महिलांच्या संघटना भरपूर आहेत. तुमच्या गटात त्या धर्माचं कुणी नाही म्हणून आपणच दार बंद करून घेऊ नका.

रक्कम लहान असेल याची तयारी ठेवा. पण महिला संघटनांचं एकूण चित्रच लहान रकमांचं आहे. महिला हक्कांसाठी काम करणाऱ्या ॲविड या आंतरराष्ट्रीय संघटनेने १४० हून अधिक देशांतल्या हजारावर महिला संघटनांची पाहणी केली. त्यातल्या ७४० संघटनांचं २०१० सालचं मध्यक अंदाजपत्रक वीस हजार डॉलरच्या आसपास निघालं, म्हणजे निम्म्या संघटनांचं त्याहूनही कमी. अशा ठिकाणी दरवर्षी न चुकता येणारी छोटी रक्कम, एकदाच येऊन सगळ्यांना नोकरीवर ठेवायला लावणाऱ्या आणि मग गायब होणाऱ्या मोठ्या रकमेपेक्षा कितीतरी बरी.

शिवाय या लोकांकडे पैशाखेरीज जे असतं ते मागायचं राहून जातं. पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरियाच्या यादवीत लेमा बोवी लुथरन चर्चच्या मानसिक आघातातून सावरण्याच्या कार्यक्रमात काम करत होत्या. २००३ मध्ये ख्रिस्ती आणि मुस्लिम स्त्रिया युद्ध थांबावं म्हणून पांढरे कपडे घालून राजधानी मन्रोव्हियात मासळीबाजाराजवळच्या मैदानात रोज बसू लागल्या, तेव्हा चर्च आणि मशिदी हेच बायकांना गाठायचं जाळं होतं. तिथे त्या आठवड्यातून एकदा तरी भेटणारच होत्या, त्यासाठी वेगळी सभा भरवायची गरज नव्हती. पुढे त्याच वर्षी घानामध्ये शांततेच्या वाटाघाटी रखडल्या तेव्हा या बायकांनी सभागृहाची वाट अडवून प्रतिनिधींना बाहेर पडू दिलं नाही. ऑगस्टमध्ये करार झाला. बोवींना २०११ चं शांततेचं नोबेल मिळालं. तुम्हालाही जागा, छापखाना, एखादी वकील, पोलीस ठाण्यात सोबत येणारी पांढऱ्या केसांची नन किंवा मौलवींची बायको मागता येईल. अंमलदाराचा आवाज अशा वेळी आपोआप खाली येतो. कामगारांचा प्रश्न एखाद्या बड्या कंपनीशी असेल तर आणखी एक वाट आहे. अमेरिकेत १९७१ पासून धार्मिक गुंतवणूकदारांचं एक केंद्र चालतं. त्यातल्या संस्था आपल्याकडच्या शेअरच्या जोरावर कंपन्यांच्या सभेत कामगारांचे प्रश्न मांडतात.

अर्जाबद्दल. धार्मिक शब्द पेरू नका. समितीतल्या लोकांना खरी श्रद्धा आणि अर्जापुरती श्रद्धा यांतला फरक सगळ्यांत आधी कळतो. त्यांच्या मूल्यांशी तुमचं काम कुठे जुळतं ते तुमच्याच भाषेत एका परिच्छेदात सांगा आणि पुढे व्हा. मी अर्ज वाचायचे तेव्हा निर्णय कोण घेतं हे आधी शोधायचे: ज्यांच्यासाठी काम आहे त्या बायका पदाधिकारी आहेत की फक्त फोटोत आहेत? मग अंदाजपत्रक. कार्यकर्तीचं मानधन लपवू नका. फुकट राबणाऱ्या बायकांचं कौतुक करणारे दाते खूप भेटतील, त्यांना नम्रपणे सांगा की घरकामगारांच्या वेतनासाठी लढणारी संघटना स्वतःच्या बायकांना फुकट राबवणार नाही.

अहवालात त्यांना गोष्टी हव्या असतात. आकडे मागणाऱ्या संस्थांपेक्षा हे बरं वाटतं, पण त्यात एक धोका आहे. मार खाल्लेल्या बाईची कहाणी रविवारच्या सभेत वाचली जाते, छापील पत्रकात येते, तिथून मोबाइलवर फिरते. नाव बदललं तरी गाव आणि मुलांची वयं यांवरून नवरा ओळखतो. आधीच सांगून ठेवा की व्यक्तीची नाही, संघटनेची गोष्ट मिळेल. चेहऱ्यांचे फोटो मिळणार नाहीत. आणि बाईने दिलेली संमती ती कधीही मागे घेऊ शकते.

परदेशी पैशाचे कायदे देशोदेशी कडक होत आहेत. भारतात २०१० च्या परकीय योगदान कायद्याखाली नोंदणी लागते. २०२० च्या दुरुस्तीनंतर मोठ्या नोंदणीकृत संस्थेने असा पैसा घेऊन लहान गटाला पुढे देणं बंद झालं आहे, आणि प्रशासकीय खर्चाला वीस टक्क्यांची मर्यादा आली आहे. अर्ज लिहायच्या आधी हिशेबनिसाशी बोला, नंतर नाही.

देणारेही म्हातारे होत आहेत. अमेरिकेत १९६५ साली सुमारे १ लाख ८० हजार नन्स होत्या, २०१४ पर्यंत त्या ५० हजारांच्या खाली आल्या. नव्या मुली येत नाहीत, म्हणून काही संघ आपल्या इमारती विकून उरलेला पैसा न्याय्य कामांना देऊन टाकत आहेत. आत्ता मन मोठं करून देतील, पाच वर्षांनी पत्राला उत्तर द्यायलाही कुणी नसेल. म्हणून जिथे जमेल तिथे वार्षिक खर्चापेक्षा टिकणाऱ्या गोष्टीसाठी मागा: सामाईक कर्जनिधी, बैठकीची जागा, दोघींचं कायद्याचं प्रशिक्षण.

राहता राहिल्या तुमच्यातल्या धर्म न मानणाऱ्या दोघी-तिघी. त्यांना समजावू नका, त्यांच्याकडेच अटींचा मसुदा तपासायला द्या. जे प्रश्न श्रद्धाळू सभासदाला सुचत नाहीत किंवा विचारायला संकोच वाटतो, ते त्या विचारतील. पूर्ण गटाच्या बैठकीत मसुदा मोठ्याने वाचा, लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांसमोर तर नक्कीच. आणि कुठल्या कारणाने पैसा परत करायचा हे पैसा येण्याआधीच ठरवून इतिवृत्तात लिहून ठेवा, कारण भाडं थकलेलं असताना ती चर्चा होत नाही.